एकविसाव्या भागातली हाक

पडद्यावर माझं तोंड उघडलं आणि त्यातून दुसऱ्याच कुणा मुलीचा आवाज बाहेर आला. आवाज वाईट नव्हता. उलट इतका गोल आणि गोड, की तांदळाचा गोळा फुटून आतलं तिळाचं सारण ओघळावं. पण तो माझा नव्हता. बाकी सगळं माझं होतं. निळा झगा, पांढरे मोजे, मेकअपवालीने दात-ओठ खात घातलेल्या दोन वेण्या, मागे घाटाच्या दगडी पायऱ्या आणि त्यांच्यावर धुकं, जे आमच्या छोंगछिंग शहरात कुठल्याही कंपनीला फुकट मिळतं. ती मी, दोन्ही हात तोंडाशी धरून जिवाच्या आकांताने हाक मारत होते. माझे ओठ शेवटी रुंद फाकले होते, पडजीभ दिसेल इतके, आणि आवाज मात्र शेवटी ओठांचा चंबू करत होता. "गू यूमू!" असं तो आवाज म्हणाला. मग एकदा पुन्हा. मग चित्र बदललं, आणि घाटावरून खाली जाणाऱ्या नायकाची पाठ दिसायला लागली, जी वळली नाही.

"गू. यू. मू." आजोबांनी वाचलं. आजोबांचा डावा कान गेलेला आहे आणि उजव्याचा भरवसा नाही, म्हणून ते वेताची खुर्ची टीव्हीला अगदी खेटून ठेवतात आणि पडद्याखाली येणारी अक्षरं मोठ्याने वाचतात, नटांच्या एक घास मागे. त्यामुळे आमच्या घरात प्रत्येक मालिका दोनदा ऐकू येते. एकदा नटांच्या तोंडून आणि एकदा आजोबांच्या, त्यात प्रेमाची वाक्यंही आली. आई म्हणाली, "अगं, ही तू? आवाज असा काय? सर्दी झाली होती का?" माझी मैत्रीण ताओ लिंग सूर्यफुलाच्या बिया फोडत जमिनीवर बसली होती, ती म्हणाली, "सर्दी कसली काकू, दुसरीच बाई आहे ती. आमच्या जिंगशूचा आवाज एवढा नाजूक असता तर वाचनालयातून तिला दोनदा हाकललं नसतं." शेजारच्या फू काकू खास आमच्याकडे बघायला आल्या होत्या. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला होता, पण तो माझ्यासाठी नव्हता, त्या न वळलेल्या पाठीसाठी होता. "काय माणसं होती गं," त्या म्हणाल्या. "अशी माणसं होती म्हणून आज आपण चार घास खातोय." सगळे पडद्याकडे बघत होते. मी एकटी आजोबांकडे बघत होते. कारण मी त्या घाटावर गू यूमू नावाच्या कुणालाही हाक मारलेली नव्हती.

मी हाक मारली होती यान शाओथांगला. म्हणून तर तोंड शेवटी फाकलं होतं. 'थांग' म्हणताना चंबू करून दाखवा बघू. घंटेवर टोला पडल्यासारखं ते नाव उघडं संपतं, आणि माझ्या तोंडात ते कितीतरी वर्षं न वाजवलेल्या घंटेसारखं लटकत होतं. यान शाओथांग म्हणजे माझे पणजोबा, आजोबांचे वडील. आमच्यात वाडवडिलांचं नाव तोंडाने घेत नाहीत. बापाचं नाव घेणाऱ्या पोरालाच लोक नावं ठेवतात. ते नाव दगडावर कोरायचं, वसंतात थडगी झाडायच्या दिवशी ओल्या फडक्याने पुसायचं आणि मनात म्हणायचं. पण पणजोबांचं थडगंच नाही. ज्यांचं थडगं नाही, किंवा असून फार लांब आहे, त्यांच्यासाठी चौरस्त्यावर खडूने वर्तुळ काढतात, त्याला एक फट ठेवतात, आत कागदाचं धन जाळतात आणि धूर वर जाताना नाव सांगतात, म्हणजे ते ज्याचं त्याला मिळतं. आजोबा दरवर्षी आमच्या उतारावर वर्तुळ काढायचे, फट ठेवायचे, कागद जाळायचे आणि नाव सांगायचे नाहीत. मी लहान असताना एकदा विचारलं होतं, "नाव नाही सांगितलं तर कुणाला मिळणार?" आजोबा काठीने राख ढवळत म्हणाले, "मिळतं." मी म्हटलं, "पण दुसऱ्याच कुणी घेतलं तर?" तेव्हा आईने मला दंडाला धरून घरी नेलं. मला मात्र पुढे किती वर्षं वाटत राहिलं की वर कुठेतरी एक म्हातारा रांगेत उभा आहे, सगळ्यांची नावं पुकारली जातायत, आणि त्याचं येतच नाही.

नाव मला आतेआजीकडून मिळालं. आजोबांची थोरली बहीण, शेवटची दोन वर्षं आमच्याकडे होती. तेव्हा तिच्या डोक्यातली भांडी एकमेकांत मिसळली होती. आईला ती आपली आई समजायची आणि मला बोटवाल्याची मुलगी. संध्याकाळी खिडकीशी उभी राहून ती खालच्या पायऱ्यांकडे तोंड करून ओरडायची, "यान शाओथांग! यान शाओथांग!" एका ठेक्यात, पुन्हा पुन्हा, मूठ खिडकीच्या गजावर आपटत. खालून नूडल्सवाला वर बघून विचारायचा, "आजी, कोण हवंय?" आजोबा उठायचे, खिडकी लावायचे आणि तिच्या हातात संत्र्याची फोड द्यायचे. मी तेव्हा मागच्या बाकावर बसणारी, स्वतःचं नाव विचारलं तरी कानापर्यंत लाल होणारी पोरगी होते. आणि ही बाई एवढ्या मोकळ्या घशाने ओरडते याचा मला हेवा वाटायचा. मला वाटायचं ती वडलांना जेवायला बोलावतेय.

बाकीचं आईने सांगितलं, स्वयंपाकघरात, मिरच्या तळताना, धूर ओढणारा पंखा मोठ्यावर ठेवून. आमच्या घरातल्या सगळ्या खऱ्या गोष्टी त्या पंख्याखाली सांगितल्या जातात. पणजोबा लढाईच्या दिवसांत सरकारी बिनतारी केंद्रात कामाला होते. बाँब पडत तेव्हा सगळं शहर डोंगरातल्या भुयारांत शिरायचं आणि ते कानाला यंत्र लावून आतल्या खोलीत बसलेले असायचे. दिवसा सरकारचे संदेश घ्यायचे, आणि त्यातलं काय काय ते पलीकडच्यांना पोचवायचे, म्हणजे जे पुढे जिंकले त्यांना. पण हे काम एका धाग्यावर चालायचं. तुम्ही कोण ते वरच्या एकालाच माहीत, दुसऱ्या कुणालाही नाही, तुमच्या बायकोलासुद्धा नाही. तो वरचा एक माणूस नावेतून नदी ओलांडताना बुडाला. झालं. मुक्तीनंतर, म्हणजे ते पलीकडचे जिंकल्यावर, पणजोबा त्यांना म्हणाले, मी तुमचाच. ते म्हणाले, साक्षीला कोण? साक्षीदार नदीच्या तळाशी. मग जे सरकार त्यांनी आतून पोखरलं, त्याच सरकारचा हेर म्हणून त्यांना नेलं, आणि ते कुठल्याशा वीटभट्टीवर, कुठल्याशा हिवाळ्यात संपले. "आणि ज्या दिवशी नेलं ना," आई मिरच्या परतत म्हणाली, "त्या दिवशी ढोल कुणी वाजवला माहितीय? फू काकूंच्या सासऱ्यांनी. जा, आता तो पंखा बंद कर आणि हे विसर."

मी विसरले नाही. पण आठवून तरी काय करणार होते? मग नववी संपता संपता मला काहीतरी झालं. काय ते मलाही नीट सांगता येत नाही. एक दिवस वर्गात धडा वाचायला उभी राहिले आणि आवाज नेहमीसारखा घशात अडकलाच नाही. तो बाहेर आला, भिंतीवर आपटला आणि परत माझ्याकडे आला, आणि मला तो आवडला. बस्, तेवढंच. त्यानंतर मी थांबलेच नाही. वाचनस्पर्धेत शाळेत पहिली, मग सगळ्या शहरात पहिली. जिन्यात गायचे, बसमध्ये भांडायचे, बाजारात वांग्यांचा भाव मीच पाडायचे. ताओ लिंग म्हणायची, "तुला कुणीतरी चालू केलंय आणि बटण तोडून टाकलंय." मला माझा आवाज नव्या बुटांसारखा झाला होता, विनाकारण घालून हिंडावंसं वाटायचं. म्हणून शरद ऋतूत ती मालिकावाली मंडळी आमच्या घाटावर आली, त्यांनी शाळेत येऊन मुली पाहिल्या, आणि बाकी चौदाजणींना नुसतं गर्दीत चालायला देऊन मला एकटीला 'हाक' दिली, तेव्हा मला त्यात नवल असं काही वाटलंच नाही. सूर्य उगवल्याचं कुणाला नवल वाटतं? (आमच्या धुक्याच्या गावात वाटतं, पण ते जाऊ दे.)

प्रसंग असा होता. नायक सरकारच्या बिनतारी केंद्रात खोट्या नावाने नोकरी करणारा, आतून दुसऱ्या बाजूचा. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. हे तर आमच्या पंख्याखालचं. गुप्त पोलिसांना संशय आलाय. त्यांना त्याचं खरं नाव कळलंय पण हाच तो माणूस का, हे कळत नाही. म्हणून ते घाटावरच्या एका शाळकरी मुलीला धरतात आणि म्हणतात, त्याच्या मागून हे नाव घेऊन ओरड. माणूस कितीही कसलेला असो, आपलं खरं नाव अवचित कानावर पडलं तर मान वळतेच. ती वळली की पकडायचा. मुलगी ओरडते. तो वळत नाही. पायऱ्या उतरून धुक्यात जातो. फक्त त्याची चाल एक क्षणभर, एकच क्षणभर, चुकते.

नाव काय घ्यायचं म्हणून मी विचारायला गेले. लिआओ नावाचा सहायक दिग्दर्शक होता, दिवसभर कर्णा गळ्यात अडकवून हिंडायचा, जेवतानासुद्धा. डब्यातला भात तोंडात कोंबत म्हणाला, "नाव अजून ठरलेलं नाही गं. लेखक रोज सकाळी पानं पाठवतो, आज पाठवलीच नाहीत. झोपला असेल, नाहीतर मेला असेल. तू घे कुठलंही. तीन अक्षरांचं घे म्हणजे झालं. तुझ्या गणिताच्या मास्तरांचं घे, राग काढून घे."

"कुठलंही?"

"कुठलंही."

"पण ऐकू येईल ना?"

"अगं, पार नदीपलीकडे ऐकू येईल. पळ आता, वेणी सुटलीय तुझी."

डोक्यावर काठीच्या टोकाला तो केसाळ माइक होता, झाडावर चढून अडकलेल्या मांजरासारखा. मी त्याच्याकडे बघितलं. मोठमोठ्या नटांचे आवाज मागाहून दुसरी माणसं भरतात हे मला काय माहीत नव्हतं? शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण ते मला लागू असेल असं डोक्यातच आलं नाही. ते ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी. जे बोलायच्या जागी एक-दोन-तीन-चार म्हणतात त्यांच्यासाठी. माझा आवाज तर अख्ख्या शहरात पहिला! आणि मग मला ती रांग दिसली, वरची, आणि त्यातला तो म्हातारा. अख्ख्या देशात दिसणार होतं हे. घराघरांत, जेवणाच्या वेळेला. आमच्या उतारावरच्या खडूच्या वर्तुळातून जे गेलं नाही ते इथून जाणार होतं. आणि तेही कसं? चांगल्या माणसाचं नाव म्हणून. ज्याच्यासाठी फू काकू रडतील अशा माणसाचं. लिआओने कर्ण्यातून आरोळी ठोकली आणि मी हात तोंडाशी धरून नाव घेतलं. पहिल्यांदा घसा थरथरला. दुसऱ्यांदा नाही. चार वेळा करून घेतलं त्यांनी ते, आणि चौथ्या वेळी समोरच्या डोंगरावरून 'थांग' परत आलं, तेव्हा गर्दीतला एक हमाल झालेला नट उगाचच टोपी काढून उभा राहिला. घरी जाताना मी पायऱ्या चढत नव्हते, पायऱ्याच खाली जात होत्या.

आजोबा गॅलरीत घेवड्याच्या शेंगा सोलत बसले होते. मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. नायक, बिनतारी, घाट, हाक. आणि मग, नाव. मोठ्याने नाही घेतलं, कानातच म्हटलं. त्यांच्या बोटांत शेंग होती ती तशीच राहिली.

"मोठ्याने घेतलंस?"

"चांगलं मोठ्याने! चार वेळा!"

"माणसं किती होती?"

"शंभर तरी असतील. सगळे टाळ्या वाजवत होते आजोबा."

"आणि हे टीव्हीवर येणार."

"वसंतात. एकविसावा भाग."

ते पुन्हा शेंगा सोलायला लागले. थोड्या वेळाने बघते तो दाणे कचऱ्यात जातायत आणि सालं वाडग्यात. मी खो खो हसले. मला वाटलं, आनंदाने हात चळलाय. मी त्यांच्या गळ्यात हात टाकला तर त्यांची मान लाकडासारखी होती. मला वाटलं, भरून आलंय. माणसाला भरून येतं तेव्हा तो ताठ होतो, असं मीच मला समजावलं. नवा नवा आवाज फुटलेल्या माणसाला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही हे मला तेव्हा कुठे माहीत होतं. डावा-उजवा दोन्ही कान गेलेले असतात त्याचे.

तो हिवाळा आता मी उलटा लावून बघते, फिल्म मागे फिरवावी तसा, आणि प्रत्येक चित्र वेगळंच दिसतं. आजोबा चहाच्या दुकानात जायचे बंद झाले. मला वाटलं थंडी. साळुंकीचा पिंजरा त्यांनी खालच्या नूडल्सवाल्याला देऊन टाकला. मला वाटलं, पक्ष्याचं करणं आता होत नसेल. पलंगाखाली एक गाठोडं आलं. टॉवेल, पत्र्याचा मग, कापसाचे जाड बूट, दाढीचा साबण, एक बनियन, चार पदरी दोरीने करकचून बांधलेलं. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, "म्हातारी माणसं बांधतात गं असं काही. दवाखान्यात जायची वेळ आली तर धावपळ नको म्हणून." आणि मी ते मान्य केलं, कारण मला शाळेत उशीर होत होता. मालिका सुरू झाल्यावर ते रोज न चुकता बघायला बसत. विचारत, "ही सगळीकडे दिसते?" मी म्हणायचे, "सगळीकडे!" "पेइचिंगलाही?" "आजोबा, पेइचिंगला तर सगळ्यात आधी!" ते मान हलवत. बाराव्या भागात नायकाला पोलीस पहिल्यांदा चौकशीला नेतात. तिथे आजोबा वाचता वाचता थांबले, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच एक वाक्य एकदाच ऐकू आलं. नंतर त्यांनी मला विचारलं, "तू हाक मारतेस तेव्हा तो वळतो?"

"नाही वळत."

"शहाणा आहे," आजोबा म्हणाले.

आणि आता एकविसावा भाग समोर चालू होता, माझ्या तोंडातून दुसरीचा आवाज निघून गेला होता, आणि आजोबा "गू. यू. मू." असं वाचून थांबले होते. त्यांनी मागे वळून ताओ लिंगला विचारलं, "पुन्हा दाखवता येतं का?" तिने मोबाइलवर तो तुकडा काढला आणि त्यांच्या हातात दिला. चष्मा कपाळावर सारून, मोबाइल नाकाशी धरून त्यांनी तो पाहिला. मी पुन्हा तोंड फाकलं. पुन्हा चंबूचा आवाज आला. "गू यूमू," आजोबांनी वाचलं, आता जोडून, पाठ झाल्यासारखं. पुन्हा लावला. "गू यूमू." मला म्हणायचं होतं, आजोबा, ओठ बघा, अक्षरं नका बघू, माझे ओठ बघा, तिथे आहे ते, तिथून काढता नाही आलं त्यांना. पण मी बोलायच्या आधी आजोबा हसले. मी त्यांना इतक्या मोकळेपणाने हसताना पाहिलेलं नव्हतं. वरच्या हिरडीतला एकुलता एक दात दिसला. "गू यूमू!" ते आईला म्हणाले. "अगं, गू यूमू म्हणाली ही. कोण हा गू यूमू? आपला कुणी नाही. आपल्यात गू आडनावाचं कुणी नाही." "नाहीच मुळी बाबा, नाटकातलं नाव ते," आई म्हणाली, आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं, तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं, गाठोडंसुद्धा, आणि ते दवाखान्यासाठी नव्हतं, कुणी न्यायला आलं तर म्हणून होतं, हेसुद्धा. आजोबा म्हणाले, "मिरच्यांचा डबा काढ. आणि तो परवाचा खारवलेला मासा आहे का?" त्यांनी दोन वाडगे भात खाल्ला. फू काकूंना आग्रह करून वाढला. काकू म्हणाल्या, "पोरीचं तोंड देशभर दिसलं, आजोबा आज तरुण झाले!" आजोबा म्हणाले, "छान मारली हाक, छान मारली. आवाज गोड आहे."

मी जेवले नाही. ताओ लिंगने कोपराने ढोसलं, "ए, एवढं काय? तोंड तर तुझंच आहे ना?" तिला काय सांगणार? मी जेवणाऱ्या माणसांकडे बघत बसले आणि माझ्या तोंडाला कडू चव आली, चहाची पत्ती चावल्यासारखी. मला त्या गोड आवाजाच्या बाईचा राग आला. कुठल्यातरी बंद खोलीत कानाला यंत्र लावून बसली असेल, पणजोबा बसायचे तशी, आणि तिला कुणाच्या नावावर माती लोटतेय याचा पत्ताही नसेल. लिआओचा आला, झोपलेल्या लेखकाचा आला. फू काकूंच्या रुमालाचा तर इतका आला की तो त्यांच्या घशात कोंबावा. खोट्या माणसासाठी ओला होतो, खऱ्यासाठी त्यांच्या घरचा ढोल. छत्तिसाव्या भागात काय होणार तेही मला माहीत होतं. साक्षीदार जिवंत निघणार, नायकाचं खरं नाव झेंड्याखाली पुकारलं जाणार, सगळा घाट रडणार. मालिकेत साक्षीदार बुडत नाहीत. पण ह्या सगळ्यांवर राग काढून झाला तरी एक उरतच होता, आणि तो भात खात होता, मिटक्या मारत. मी त्यांना त्यांचा बाप परत आणून द्यायला गेले होते, आणि तो मिळाला नाही म्हणून ते मेजवानी करत होते.

सकाळी गॅलरीत दोरीवर गाठोड्यातला टॉवेल वाळत घातलेला होता. जाड बूट उन्हाला ठेवले होते, तोंडं बाहेर करून. तेवढं बघितलं आणि मी दप्तर न घेताच खाली धावले. आजोबा टोफू आणायला निघाले होते. घाटाच्या पायऱ्या उतरत होते, हातात रिकामी टोपली, पाठ थोडी वाकलेली. धुकं होतंच. नूडल्सवाला रश्शाचं झाकण उघडत होता, त्याच्या दारात आमची साळुंकी ओरडत होती, दोन बायका सकाळच्या नाचाचे पंखे घेऊन वर येत होत्या. मी सगळ्यात वरच्या पायरीवर थांबले. माझ्या ते लक्षातही आलं नाही, पण मी नेमकी तिथेच उभी होते जिथे लिआओने मला उभं केलं होतं. मी काय करणार हे मी ठरवलेलं नव्हतं. फक्त छातीत तो आवाज होता, माझा, पहिल्या नंबराचा, आणि त्याला कुणीतरी पुसून टाकलं होतं, आणि तो म्हणत होता मला काढ, मला काढ. मी हात तोंडाशी नेले.

"यान शाओथांग!"

सगळे वळले. नूडल्सवाला वळला, त्या दोन बायका वळल्या, खालचा झाडूवाला वळला, साळुंकी गप्प झाली. समोरच्या डोंगरावरून 'थांग' परत आलं. आजोबा वळले नाहीत. त्यांचा एक पाय खालच्या पायरीवर टेकायचा होता, तो वर राहिला, तसाच, हवेत. बहिरा माणूस असता तर तो पाय टेकला असता. मग तो टेकला. मग दुसरा. ते उतरायला लागले, त्याच चालीने, आणि मला मालिकेतला तो नट आठवला, ज्याला ही एक चाल चुकवायला दिग्दर्शकाने किती वेळा पायऱ्या उतरायला लावल्या होत्या.

मी धावत खाली गेले. त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. मला वाटलं ते रागावतील, किंवा रडतील. दोन्हीतलं काहीही चाललं असतं. त्यांचा चेहरा कोरडा होता. ते माझ्या डोक्यावरून नदीकडे बघत होते, दिसत काहीच नव्हतं.

"तुझ्या आतेआजीसारखाच घसा आहे तुझा," ते म्हणाले.

"ती हाक मारायची ना आजोबा. मग मी का नाही? तुम्ही का नाही? वर्तुळ काढता आणि नाव घेत नाही. कसं मिळणार त्यांना?"

"ती हाक नव्हती पोरी."

ते खाली बसले, तिथेच पायरीवर, टोपली मांडीवर घेऊन. मी शेजारी बसले, उजव्या बाजूला. ते बोलले तेव्हा आवाज असा होता, जणू पडद्याखालची अक्षरं वाचतायत.

"ह्याच पायऱ्या. त्यांना तिथे उभं केलं होतं, हात मागे बांधून. आम्ही सगळी गल्ली इथे. ढोल वाजला की ओरडायचं, यान शाओथांग, मान खाली घाल. तुझी आतेआजी ओरडली. पंधरा वर्षांची होती, न ओरडून करते काय? मी सात वर्षांचा. मला एकाने खांद्यावर घेतलं, म्हणाला, बापाचं नाव येतं ना? ओरड. मी ओरडलो. चांगलं मोठ्याने ओरडलो. मला वाटलं खेळ आहे, सगळेच ओरडतायत." टोपलीच्या कामटीतली एक सुटलेली काडी त्यांनी आत खोचली. "एवढ्या सगळ्यांनी घेतलं त्यांचं नाव, पण त्यांनी मान वर केली नव्हती. माझ्या वेळी केली. वळून बघितलं, बरोबर माझ्याकडे."

मला आतेआजीची मूठ दिसली, गजावर आपटणारी, ठेक्यात. जेवायला बोलावताना कुणी ठेका धरतं का? एवढं साधं. पहिल्या नंबराच्या वाचकाला एवढं साधं वाचता आलं नव्हतं.

आजोबा माझ्या गुडघ्याचा आधार घेऊन उठले. कपडे झटकले.

"तेव्हा ही सोय नव्हती," ते म्हणाले. "तोंड एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा, अशी. असती तर बरं झालं असतं."

आणि टोफू संपेल म्हणून पुढे निघाले. मी पायरीवर बसून राहिले, तोंड मिटून, ते धुक्यात जाईपर्यंत.